हसण्याची तीन चिन्हे

हे सांगायचं तर आधी ते वाक्य लिहायला लागतंय, आणि ते परत टाईप करायला हात धजत नाही, पण ते गाळून सांगितलं तर वाचणारे म्हणतील बिचाऱ्यावर उगाच केस झाली. तर एप्रिल २०२५, रात्री अकरा वाजून दहा मिनिटं, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं: "पाणी सोडायला वेळ कुठाय, मॅडम सरपंचांची तहान भागवण्यात बिझी." पुढं तीन हसणारे चेहरे, ते डोळ्यातनं पाणी येणारे.

मॅडम म्हणजे आमच्या ग्रामसेविका. आता पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात अजून कोण तसं म्हणत नाही. तीन दिवस नळाला पाणी नव्हतं, बायको हंडे घेऊन शेजारच्या बोअरवर जात होती, मी दुकान बंद करून घरी आलो, अंघोळीला पाणी नाही, डोकं फिरलं. आडवा पडलो आणि अंगठा चालवला. वीस सेकंदं लागली असतील. माझं खत-औषधांचं दुकान आहे, चार लोकांत उठबस आहे, दोन मिनिटात कुणालाही हसवतो असं माझं नाव आहे गावात, आणि त्या रात्री पण हसवलंच की. चौदा-पंधरा जणांनी हसणारे चेहरे टाकले, एकानं तर "वहिनी जाग्या आहेत का बघ आधी" असं टाकलं. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग एक मेसेज आला खाजगीत. मास्तरांचा, ग्रुपचे ॲडमिन, रिटायर्ड शिक्षक. "हे काढ. त्या ग्रुपवर आहेत." मला खरंच ध्यानात नव्हतं की मॅडम ग्रुपवर आहेत. म्हणजे त्यांनीच दुपारी नोटीस टाकलेली की विहिरीवरची मोटर जळाली, दुरुस्तीला दिलीय, दोन दिवस लागतील. मी ती नोटीस वाचलीच नव्हती, लांबडी दिसली म्हणून वर सरकवली. आता ग्रुपवर नसत्या तर लिहिलेलं चाललं असतं का, हा प्रश्न नंतर बायकोनं विचारला, तेव्हा काय उत्तर देता येईना.

अकरा पन्नासला डिलीट केलं, सगळ्यांसाठी. आणि झोपलो. सकाळी बघतो तर "हा मेसेज डिलीट केला आहे" ह्या ओळीखाली पंचवीस जण विचारतायत काय होतं, काय होतं. आणि ज्यांनी वाचलं होतं ते दुसऱ्या ग्रुपवर सांगतायत. चाळीस मिनिटं होतं ते तिथं. दुपारपर्यंत त्याचा फोटो शेजारच्या दोन गावांत पोचला, मॅडमकडं त्या दोन्ही गावांचा पण चार्ज आहे.

दुसऱ्या दिवशी एका मित्रानं माफीचा मेसेज टाईप करून दिला आणि मी तो तसाच टाकला: "माझ्या मेसेजमुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो, हा विषय इथेच संपवावा ही विनंती." खाली दोन हात जोडलेले. मला वाटलं संपला विषय.

तिसऱ्या दिवशी दुकानात युरियाची गाडी उतरवून घेत होतो, बीट हवालदारांचा फोन. "जरा ठाण्यात येऊन जावा. गुन्हा दाखल झालाय." मी म्हटलं साहेब, डिलीट केलंय ते. ते म्हणाले, "हो, ते पण तक्रारीत लिहिलंय."

वकील तालुक्यालाच आहेत, वडिलांच्या ओळखीचे. त्यांच्याकडं जाताना मी वाटेत लई शहाणपणा करत होतो, कारण मला कुठंतरी ऐकून माहीत होतं की सोशल मीडियावर लिहिल्याबद्दलचं कलम सुप्रीम कोर्टानं रद्द केलंय, म्हणजे आता काही होत नाही. वकिलांनी चष्मा काढला. म्हणाले ते ६६ अ. नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब गेले तेव्हा पालघरच्या दोन मुलींना बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरनं अटक झाली होती, तिथनं तो विषय पेटला आणि मार्च २०१५ ला कोर्टानं ते कलम उडवलं, कारण त्याचे शब्दच इतके ढिले होते की कुणाला त्रास वाटला तरी गुन्हा. "त्या पोरींनी बंद कशाला असं विचारलं होतं. तुम्ही काय विचारलंय?" मी गप्प. "ते कलम गेलं, बाकीची तिथंच आहेत. नुसती नंबर बदललेत." माझ्यावर भारतीय न्याय संहितेचं ७९ लागलं होतं, म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान, जुन्या आयपीसीतलं ५०९, तीन वर्षांपर्यंत साधी कैद. आणि ३५६, बदनामी. जामीनपात्र आहे, अटक करत नाहीत सहसा, सात वर्षांच्या आतली शिक्षा असली तर उठसूट अटक करायची नाही असं कोर्टानं २०१४ लाच सांगितलंय, नोटीस देऊन बोलावतात. नोटीस आली की जायचं, टाळायचं नाही, आणि जास्त बोलायचं नाही. शेवटचं त्यांनी माझ्याकडं बघून दोनदा सांगितलं.

मास्तरांना पण जबाबाला बोलावलं होतं. ते इतके घाबरले की ग्रुपच बंद करून टाकला, फक्त ॲडमिन लिहू शकेल असं करून ठेवलं, आणि रोज सकाळी एकटेच सुविचार टाकायला लागले. त्यांना वकिलांनी फोनवर समजावलं की गोंदियाच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलंय, मेंबरनं काय टाकलं त्याला ॲडमिन आपोआप जबाबदार धरता येत नाही, त्यानं मिळून ठरवून केलं नसेल तर. टाकायच्या आधी त्याला कसं कळणार कोण काय टाकतंय. मास्तर म्हणाले, "पण मला कळायला पाहिजे होतं, ह्याला शाळेत मीच शिकवलंय."

आता ठाण्यातलं सांगतो.

समोर एक महिला हवालदार होत्या, तिशी-पस्तिशीच्या, कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग एकदम फास्ट. नाव, वय, धंदा, पत्ता झालं. मग त्यांनी स्क्रीनशॉटचा कागद माझ्यापुढं सरकवला. "हा मजकूर तुम्हीच लिहिला का?" हो. "वाचून दाखवा." मी म्हटलं मॅडम तुमच्यापुढं आहेच की. "वाचून दाखवा, जबाबात घ्यायचंय."

बाकावर दोन-तीन माणसं बसलेली. एक पोरगं मोटारसायकल चोरीची तक्रार द्यायला आलं होतं. मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं. रात्री अकराला ते डोक्यात जसं वाजलं होतं त्यातलं काहीच त्यात नव्हतं. हसायला कोणच नव्हतं ना.

त्या टाईप करत गेल्या आणि तोंडानं म्हणत गेल्या, "सदर मजकुराच्या शेवटी हसण्याची तीन चिन्हे आहेत." मग थांबल्या. माझ्याकडं न बघता विचारलं, "तहान ह्या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा?"

मी म्हटलं, म्हणजे... पाण्याचा विषय चालला होता.

"हां. मग सरपंचांची तहान मॅडमनी भागवायची म्हणजे काय करायचं?"

पोरगं माझ्याकडं बघत होतं. मी म्हटलं चेष्टेत लिहिलं. "चेष्टेत, बरं. अर्थ काय?" त्या काय चिडून विचारत नव्हत्या हो, गॅसचा नंबर विचारावा तसं विचारत होत्या. मी शेवटी म्हटलं, त्यांच्यात संबंध आहेत असा. "आहेत का?" नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" नाही. "मग?" त्या "मग"ला उत्तर नव्हतं. त्यांनी टाईप केलं, "सदरबाबत मला कोणतीही माहिती नव्हती." एंटर मारलं. तो आवाज मला आजपण येतो.

मग फोन घेतला. लॉकचा नंबर कागदावर लिहून घेतला, दोन पंच बोलावले, एक समोरच्या गाड्यावरचा चहावाला जो माझ्याकडनंच टोमॅटोची औषधं नेतो, एक अनोळखी. नव्या कायद्यानं जप्ती करताना व्हिडिओ काढायला लागतो म्हणून एक अंमलदार शूटिंग करत होते. फोन खाकी पाकिटात, वर लेबल, सह्या, लाखेचं सील. चहावाल्यानं सही करताना हळूच विचारलं, "काय केलंत ओ?" मी म्हटलं, काय नाय रे.

आठ महिने तो फोन मुद्देमालात होता. त्यात काय काय होतं ते फोन नसल्यावर कळतं. सिमकार्ड डुप्लिकेट मिळालं पण व्हॉट्सॲपवरचे पिकांचे फोटो गेले, लोक पानावर डाग पडला की फोटो पाठवायचे आणि मी औषध सांगायचो, कंपनीवाल्यांचे रेट गेले, आणि उधारीची अर्धी यादी नोट्समध्ये होती. ऐन खरिपाच्या तोंडावर. काही गिऱ्हाईकांनी आपणहून आकडा सांगितला, काहींना आठवेना. सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेलमध्ये माझं नाव धरलं होतं, ते काढलं. "केस निकाली लागू दे, मग बघू" म्हणाले. त्यातले दोघं त्या रात्री हसणारे चेहरे टाकणाऱ्यांतले.

घरचं वेगळंच. बायको अंगणवाडी सेविका आहे. म्हणजे महिन्यातनं चार वेळा तिला ग्रामपंचायतीत त्याच मॅडमपुढं बसायला लागतं. पहिले आठ दिवस ती माझ्याशी काय बोललीच नाही, जेवायला वाढायची, चहा पुढं ठेवायची, आवाज नाही. नवव्या दिवशी मी वैतागून म्हटलं एवढं काय झालं, एक वाक्य तर होतं. ती भाकरी थापत होती, तिनं वळून पण बघितलं नाही. म्हणाली, "अहो, मी पण सुपरवायझर साहेबांच्या गाडीवर मागं बसून मीटिंगला जाते कधी कधी. एसटी चुकली की."

एवढंच म्हणाली.

सरपंचांचं पण सांगतो कारण मला त्याचं नवल वाटलं. मी भ्यायलो होतो की आबा फाडून खातील, साठीचे आहेत, तालमीतलं शरीर. गेलो माफी मागायला तर ते हसले, पाठीवर थाप मारली, "जाऊ दे रे, पोरं बोलायचीच." पारावर त्यांची चेष्टा चालू होती म्हणे, आणि ते पण मिशीत हसत होते. आता वाक्य एक, त्यात माणसं दोन. एकाला पाठीवर थाप मिळाली.

ऑगस्टमध्ये दोषारोपपत्र दाखल झालं, कोर्टातनं समन्स आलं. जामीनदार म्हणून चुलत्यांना सातबारा घेऊन उभं केलं, ते दिवसभर बाहेर लिंबाखाली बसून होते, पुकारा झाला साडेचारला. तेव्हा कागदांचा सगळा संच मिळाला, आरोपीला देतातच. वकील म्हणाले घरी नेऊन शांतपणे वाचा.

पहिलं मी बघितलं ते स्क्रीनशॉट कुणी दिला. तो देणाऱ्याला प्रमाणपत्र सही करून द्यावं लागतं, कुठल्या फोनवरनं घेतला, फोन नीट चालू होता वगैरे, त्यामुळं नाव छापलेलंच असतं. तो निघाला "वहिनी जाग्या आहेत का बघ"वाला. माझा बालमित्र. माझी तळपायाची आग मस्तकात. बायकोला कागद दाखवला, म्हटलं बघ हा कसला मित्र. तिनं कागद हातात पण घेतला नाही. "फोटो त्यानं काढला. लिहिलं कुणी?"

आणखी एक गंमत, माझा तो दिलगिरीचा मेसेज पण जोडला होता. माफी म्हणून नाही. ते पहिलं वाक्य मीच लिहिलं होतं ह्याचा पुरावा म्हणून.

आणि शेवटी मॅडमचा जबाब, दोन पानं. मला वाटलं होतं माझ्याबद्दल काय काय लिहिलं असेल. माझ्याबद्दल तीन ओळी. बाकी सगळं त्या दिवसाचं. सकाळी वायरमननं सांगितलं मोटर जळाली. स्वतःच्या स्कूटीच्या पायरीवर काय मोटर बसत नाही, म्हणून टेम्पो बघितला, भाड्याचे पैसे स्वतःच्या खिशातनं दिले, कारण खर्चाला मंजुरी लागते. रिवाइंडिंगवाल्याकडं चार मोटरी आधी होत्या, तिथं रात्री नऊपर्यंत बसून राहिल्या की आमची आधी घ्या, गावात पाणी नाही. दहाला घरी पोचल्या. सव्वाअकराला फोन वाजला. पुढचं वाक्य जसंच्या तसं लक्षात आहे: "त्यावेळी माझे पती शेजारी बसलेले होते व त्यांनी तो मेसेज माझ्या आधी वाचला." मग लिहिलं होतं की सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं सरपंच किती वर्षांचे आहेत. की शेजारच्या गावात मीटिंगला गेल्यावर दोन माणसं पाण्याचा ग्लास पुढं करून हसली. की त्यांनी बदलीचा अर्ज केलाय.

पाण्याचा ग्लास. मी ते पान उलटं करून ठेवलं आणि दुकानात जाऊन बसलो, गिऱ्हाईक नव्हतं तरी.

मिटवायची खटपट आधीपासनं चालू होती. गावातली चार शहाणी माणसं मॅडमकडं जाऊन आली होती, "लेकरंबाळं आहेत त्याला, मोठं मन करा" वगैरे, आणि त्या दर वेळी हात जोडून नाही म्हणत होत्या. वकिलांनी सांगितलं होतं की हे कलम कोर्टाच्या परवानगीनं मिटवता येतं पण मिटवायचं की नाही ते त्या बाईच्या हातात, गावाच्या नाही. माणसं पाठवायची बंद करा, त्याचा उलटा दबाव म्हणून अर्ज होईल. सप्टेंबरमध्ये बायकोच स्वतःहून बोलली त्यांच्याशी, अंगणवाडीच्या दुरुस्तीचं काम होतं त्यात विषय निघाला. घरी येऊन मला निरोप दिला. मॅडमचं म्हणणं असं, दिलगिरी नको, भावना-बिवना नको. मी लिहिलं ते खोटं होतं, एवढं लोकांपुढं बोलायचं. ग्रुपवर नाही, तोंडानं, ग्रामसभेत.

मी दोन रात्री झोपलो नाही. बोलायचं वाक्य पाच सेकंदाचं.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा. आमच्याकडं ग्रामसभेला कोरम होता होता मारामार, त्या दिवशी शाळेचा व्हरांडा भरला, आधीच बातमी फुटलेली. घरकुलाची यादी झाली, रस्त्याची भांडणं झाली, आणि "ऐनवेळचे विषय" आल्यावर मी उठलो. ग्रामसभेची सचिव ग्रामसेविकाच असते, म्हणजे मॅडमच टेबलाशी बसून प्रोसिडिंग लिहीत होत्या. मी म्हटलं, एप्रिल महिन्यात ग्रुपवर मॅडम आणि सरपंचांबद्दल मी जे लिहिलं ते खोटं होतं. मला काही माहीत नव्हतं. मॅडम त्या दिवशी मोटर दुरुस्त करत होत्या. माझी चूक झाली. मागनं कोणतरी खोकलं, कोणतरी हसलं पण असेल. मॅडमनी वर बघितलं नाही. खाली मान घालून माझं वाक्य लिहून घेत होत्या, रजिस्टरमध्ये, ठराव क्रमांक टाकून, त्यांच्या त्या गोल अक्षरात. मध्ये एकदा पेन थांबलं. "एप्रिल महिन्यात, पुढं काय म्हणालात?" मी परत सांगितलं.

डिसेंबरच्या लोकअदालतीत केस ठेवली. तिथं काय, गर्दी म्हणजे जत्रा, चेक बाऊन्सवाले, बँकांचे थकबाकीदार, नवरा-बायकोची भांडणं, एका हॉलमध्ये चार टेबलं. जज साहेबांनी मॅडमना विचारलं, कुणाच्या दबावाखाली तर मिटवत नाही ना. त्या म्हणाल्या नाही. त्यांनी सही केली, मी सही केली, साहेबांनी मला वर बघून एकच विचारलं, "आता ग्रुपवर आहात का?" मी म्हटलं नाही साहेब. खरं तर मला कुणी काढलं नव्हतं, फोनच नव्हता.

फोन त्यानंतर अर्ज करून मिळाला. सील फोडलं, चार्जिंगला लावला तर बॅटरी फुगलेली, चालू झालाच नाही.

त्या दिवशी कोर्टातनं बाहेर पडताना जिन्यात मॅडम पुढं होत्या, मी आणि वकील मागं. मला वाटलं काहीतरी बोलायला पाहिजे, पण काय. आभारी आहे म्हणू का, ते पण विचित्र. शेवटच्या पायरीवर त्याच थांबल्या आणि वळल्या. पर्समधनं गाडीची चावी काढत म्हणाल्या, "तुमची दोन वर्षांची पाणीपट्टी बाकी आहे. मार्चच्या आत भरा, यादी वर पाठवायची आहे."

वकील माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, हो मॅडम.

सोमवारी गेलो. मॅडम दुसऱ्या गावच्या चार्जवर होत्या, शिपायानं पावती फाडली. दोन हजार चारशे रुपये. सुट्टे नव्हते त्याच्याकडं, शंभर रुपये अजून माझेच ग्रामपंचायतीकडं आहेत.